रोजचे ऐंशी किलोमीटर, जुनी नेक्सॉन आणि आण्णांचं लॉगशीट

मी अक्कलकोटला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि राहते जुळे सोलापुरात. जायला ४०, यायला ४०. सुट्ट्या वजा जाता महिन्याला १,९०० किलोमीटर होतात. माझी पेट्रोलची गाडी दहा वर्षांची झाली होती, लिटरला १६ च्या पुढे जात नव्हती आणि पेट्रोल शंभराच्या वर. पगारातले बारा हजार दर महिन्याला पंपावर जायचे. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी समोर दिसत असताना हा आकडा डोळ्यांत खुपायला लागला.

इलेक्ट्रिक घ्यायची हे पक्कं झालं, पण आठ लाखांच्या वर जायचं नाही हेही पक्कं होतं. म्हणजे जुनीच. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या गाड्या आता विकायला निघाल्यात. ३०.२ युनिटांची (वीजबिलावर असतं तेच युनिट) बॅटरी, जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंची, आणि बॅटरी-मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी. कंपनीचा चाचणीतला आकडा ३१२ किलोमीटरचा. चालवणारे मात्र दोनशे ते सव्वादोनशे सांगतात. मला ऐंशी हवे होते. बॅटरी थोडी थकलेली असली तरी माझं काम भागणार होतं, म्हणून जुनी घ्यायची भीती वाटली नाही.

आणखी एक कारण होतं, सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि माझी गाडी कॉलेजात उघड्यावर उभी असते. या गाडीची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे. हे रसायन इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा उष्णता चांगली सोसतं. शिवाय बॅटरी थंड ठेवायला आत कूलंट फिरतं. हे दोन्ही वाचल्यावर मी दुसऱ्या मॉडेलकडे पाहिलंच नाही.

शोधायला मात्र मी एकटी गेले नाही. माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर डेपोतून निवृत्त झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "गाडी वरनं बघायची नसते पोरी, खालनं बघायची." डेपोत बस खड्ड्यावर उभी करून तिचं पोट तपासतात, तसं.

पहिली गाडी शहरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पाहिली. २०२० ची, ६१ हजार किलोमीटर, पांढरी, धुऊन-पुसून चकचकीत. मी आत बसून स्क्रीन पाहत होते तोवर आण्णांनी डिकीतली चटई काढून जमिनीवर अंथरली आणि ते गाडीखाली सरकले. दोन मिनिटांनी मला हाक मारली. बॅटरी गाडीच्या पोटाला असते, जमिनीकडून तिला धातूचं कवच असतं. त्या कवचाला मधोमध वीतभर लांबीचा खड्डा पडला होता आणि त्यावर ताजा काळा रंग मारला होता. बाकी सगळा तळ धुळीनं माखलेला आणि तेवढाच तुकडा नवा कोरा. व्यापारी म्हणाला, "दगड लागला असेल, आत काही नाही." असेलही. पण कवच आत दबलं म्हणजे आतल्या सेलपर्यंत काय पोचलं ते बाहेरून कळत नाही, आणि बाहेरून घाव बसलेल्या बॅटरीची वॉरंटी मिळायला अडचण येते. एखाद्या चार्जरवर नेऊन बॅटरीत किती वीज मावते ते मोजू द्या म्हटलं तर त्यालाही तो तयार होईना. आम्ही आभार मानून निघालो.

व्यापाऱ्याकडून घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण जुन्या गाडीचा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के लागतो, आणि तो भाव सांगताना धरलेलाच असतो. मालकाकडून थेट घेतली तर हा कर येत नाही.

दुसरी गाडी मोहोळच्या बाजूची. फोनवर भाव फार चांगला सांगितला, सहा लाखांच्या आतला. गाडी पाहून मन भरलं होतं, पण आण्णांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. वरचा हातभर पट्टा काळाशार. शेवटच्या वीतभर भागावर पिवळट मातीची सरळ रेघ. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला होता, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला होता, माढा-मोहोळची गावं पाण्यात होती. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, तरी त्या पट्ट्यावरची रेघ दिसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. स्पेअर व्हील उचललं तर खाली वाळलेला गाळ. बॅटरीला आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास ती तग धरते. पण पूर अर्ध्या तासात ओसरत नाही, आणि बाकीच्या वायरिंगला तो दर्जा नसतो. मालक गरीब शेतकरी माणूस, त्याचंच नुकसान झालेलं. त्याच्यावर रागवावंसं वाटलं नाही. पण येणाऱ्याला आधी सांगायला हवं होतं.

तिसरी पुण्यात मिळाली, हडपसरला. एक डॉक्टर, पहिलेच मालक, २०२१ ची गाडी, ४६ हजार किलोमीटर. ओळखीतून नाव कळलं. मी फोनवर पहिल्यांदा किंमत विचारली नाही. म्हटलं, "डॉक्टर, एक विनंती आहे. आम्ही यायच्या दोन दिवस आधी गाडी घरच्या चार्जरवर पूर्ण शंभर टक्के करा, आणि मग वीस-बावीस टक्क्यांवर येईपर्यंत वापरा. चार्जिंगला आपण सगळे मिळून जाऊ." त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि ते तयार झाले.

कारण इथेही सांगते, कारण माझ्या मते जुनी इलेक्ट्रिक घेताना यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो. इंजिनाचा आवाज ऐकून मेकॅनिक काहीतरी सांगू शकतो. बॅटरी काही बोलत नाही. समोरच्या स्क्रीनवर दिसणारे 'आणखी १८० किलोमीटर' हा अंदाज असतो, मागच्या काही दिवसांत गाडी कशी चालवली त्यावर बेतलेला. हळू चालवणाऱ्याच्या गाडीत तो फुगतो. पण बॅटरीत किती वीज मावते हे मोजता येतं. फास्ट चार्जर किती युनिट दिले ते दाखवतो. किती टक्क्यांनी भरली ते गाडी दाखवते. भागाकार करायचा.

शंभर टक्के आधी का, तर या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं. त्यामुळे नेमके किती टक्के उरलेत हे गाडीच्या संगणकाला ओळखणं जड जातं. पूर्ण भरली की त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. बरेच दिवस अर्धवट भरत राहिलेल्या गाडीवर हा प्रयोग केला तर उत्तर चुकेल.

रविवारी सकाळी आठला आम्ही चार्जरवर उभे होतो. गाडीत २२ टक्के. मी एसी आणि म्युझिक बंद करायला लावलं, कारण ती वीजही त्याच मोजणीत धरली जाते. ८० टक्क्यांपर्यंत जायला पन्नासेक मिनिटं लागली. तेवढ्यात आण्णांनी त्यांच्या पद्धतीनं तळ पाहून घेतला, कूलंटची पातळी पाहिली, चार्जिंगच्या तोंडाच्या पिना काळवंडल्यात का ते टॉर्च मारून पाहिलं. पुढचे टायर झिजले होते. गाडी चौदाशे किलोच्या आसपास वजनाची, मोटर पुढच्या चाकांना जोर देते आणि तो पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, म्हणून पुढचे टायर लवकर जातात. ते दोन बदलावे लागणार हे तिथेच ठरलं.

चार्जर थांबला तेव्हा पडद्यावर १६.६ युनिट होते. ५८ टक्क्यांना १६.६, म्हणजे शंभराला २८.६. नवी असताना ३०.२. चार वर्षांत पाच-सहा टक्के घट. ही पद्धत तंतोतंत नाही, एक-दोन युनिट इकडेतिकडे होऊ शकतात, पण थकलेली बॅटरी आणि धडधाकट बॅटरी यांतला फरक तिच्यातून लपत नाही. डॉक्टरांनी सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा रिपोर्टही काढून ठेवला होता, सेलच्या व्होल्टेजमध्ये चिंता करण्यासारखा फरक नव्हता. त्याच सेंटरनं चासी नंबर टाकून वॉरंटी २०२९ पर्यंत चालू असल्याचंही सांगितलं. मी ते लिहून मागितलं आणि त्यांनी दिलं.

भाव ७ लाख ४० हजार सांगितला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या स्वस्त झाल्या, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव एकूणच नरमले होते. हे मी बोलून दाखवलं, टायरचं सांगितलं. ७ लाख १० हजारांवर ठरलं. डॉक्टरांच्या आईनं पोहे केले होते. आण्णांना त्यांनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढले.

आणि मग कागदावर अडलं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर आरसीवर बँकेचा बोजा तसाच. डॉक्टरांचं कर्ज वर्षभरापूर्वी फिटलं होतं. त्यांना वाटलं होतं, बँक आपोआप नाव काढते. तसं होत नाही. बँकेचं ना हरकत पत्र म्हणजे एनओसी घेऊन आणि फॉर्म ३५ भरून तो बोजा आरटीओत उतरवावा लागतो, आणि तो असेपर्यंत नाव बदलत नाही. मी ५० हजार विसार देऊन दोन्ही बाजूंच्या सह्यांचा साधा करार केला आणि बाकीची रक्कम बोजा उतरल्यावर असं ठरलं. बँकेच्या शाखेनं एनओसी द्यायला जो वेळ घेतला त्यात अठरा दिवस गेले. घरच्यांना वाटत होतं, माणूस भला आहे, पैसे देऊन टाकावेत. मी दिले नाहीत. डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास होता, पण आरसीवर नाव बँकेचं होतं.

त्यानंतरचं भराभर झालं. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, दोघांचे आधार आणि विमा. पीयूसी इलेक्ट्रिक गाडीला लागतच नाही. गाडी एमएच-१२ आणि आम्ही एमएच-१३, पण राज्य तेच असल्यानं नंबर तोच राहिला. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं. विम्यावर १४ दिवसांत नाव बदलून घ्यावं लागतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे माझ्या विकलेल्या पेट्रोल गाडीचा बोनस मी इकडे आणू शकले. फास्टॅग डॉक्टरांनी बंद केला, मी नवा घेतला. एक गोष्ट मात्र बहुतेकांकडून राहून जाते: गाडी मोबाइल ॲपला जोडलेली असते. जुन्या मालकानं आपलं खातं काढलं नाही तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर ते काढलं. दोन्ही किल्ल्या आणि पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लागणारी चार्जिंग केबल मोजून घ्या; केबल वेगळी विकत घ्यायला महाग पडते.

डिसेंबरच्या एका शनिवारी गाडी आणली. हडपसरहून शंभर टक्के घेऊन निघालो, आण्णा शेजारी. ताशी ७५-८० च्या वर मी गेले नाही. भिगवणच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारातला चार्जर नकाशावर चालू दाखवत होता, प्रत्यक्षात बंद. हातात ५० टक्क्यांहून जास्त होते म्हणून घाबरायचं कारण नव्हतं, पण तेव्हापासून मी नियम केलाय: पहिल्या चार्जरवर पोचताना पुढच्यापर्यंत जाण्याइतकी वीज हाताशी हवीच. उजनीचं पाणी डाव्या हाताला दिसत राहिलं. इंदापूरला ४० टक्क्यांवर पोचलो, ८० पर्यंत भरली, चहा झाला. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे. आपल्या पुणे-सोलापूर महामार्गावर तो भरावा लागला. घरी पोचलो तेव्हा २६ टक्के होते.

रात्री केबल लावली आणि चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला.

काढली, पुन्हा लावली. लाल. माझ्या पोटात खड्डा पडला. एवढं सगळं तपासून, अठरा दिवस थांबून, शेवटी फसलो की काय. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी शांतपणे विचारलं, "घरचं अर्थिंग पाहिलंत का?" अर्थिंग म्हणजे गळालेली वीज जमिनीत नेणारी तार. नव्हतं पाहिलं. तीस वर्षांपूर्वीचं बांधकाम आमचं.

सकाळी वायरमन आला, अशोक चौकातला, आमच्याकडचं सगळं काम तोच करतो. त्यानं मीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ काही दिसायला नको, तिथे ४० च्या आसपास व्होल्ट. मग त्यानं शंभर वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला लावलं. बल्बची तार नुसती तांबूस झाली, देवघरातल्या विझत आलेल्या वातीसारखी. "मॅडम, गाडीचं काय न्हाई ओ," तो म्हणाला, "तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई. पाइप कवाच गंजून गेलाय." म्हणजे इतकी वर्षं आमचा गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं तसंच चालत होतं. गाडीनं ते पकडलं. त्या लाल दिव्यानं आमच्या घरातल्या माणसांचं रक्षण केलं असं मी आजही मानते.

अंगणात तुळशीच्या पलीकडे खड्डा खणला. वरची काळी माती, तीन फुटांखाली मुरूम. छातीभर खोल गेल्यावर धातूची पाटी उभी ठेवली, तिला पट्टी जोडली, आणि भोवती एक थर कोळशाचा, एक थर खडे मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. पोतंभर मीठ लागलं. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओली माती वीज जिरवते. वर जाळीचं फनेल बसवलेला पाइप जमिनीबाहेर ठेवला. दोन बादल्या पाणी ओतलं आणि बल्ब पुन्हा लावला. लख्ख पेटला. मग मीटरपासून गाडीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंगमधून वीज गळाली तर लगेच तोडणारा आरसीसीबी. सगळं मिळून साडेनऊ हजार रुपये. गाडीच्या भावात हा खर्च कोणी धरत नाही, तुम्ही धरा. आणि कृपा करून एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. सलग आठ-दहा तास एवढा करंट साध्या बोर्डाला झेपत नाही, तो वितळतो.

संध्याकाळी केबल लावली. हिरवा.

गेल्या तीन महिन्यांत गाडी साडेपाच हजार किलोमीटर चालली. घरचं वीजबिल महिन्याला साडेतीन हजारांनी वाढलं. माझ्या अपेक्षेपेक्षा हे जास्त आहे, कारण तीनशेच्या आसपास युनिट वाढले की घराचं बिल महागड्या टप्प्यात जातं. तरी पेट्रोलच्या बारा हजारांपुढे ते कमीच. छतावर ३ किलोवॉट सोलरसाठी पीएम सूर्यघरमध्ये अर्ज केलाय, ७८ हजारांचं अनुदान आहे. सोलापुरात ऊन काही विकत घ्यावं लागत नाही.

आण्णांनी गाडीत एक वही ठेवली आहे. एसटीत त्यांचं काम केपीटीएलवर मोजलं जायचं, दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर. वहीवर त्यांनी वर तारीख, मग किलोमीटर, टक्के, युनिट असे रकाने आखलेत आणि शेवटच्या रकान्यात दहा युनिटला किती. रोज मी वळसंग ओलांडून घरी आले की ते चष्मा लावून बाहेर येतात आणि आकडे घेतात. पहिल्या आठवड्यात ५९ होतं. मी पाय हलका ठेवायला शिकले, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःच वेग कमी करते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते, तसं ते ६६ वर आलं. काल ६८ लिहिताना त्यांनी आकड्याखाली दोनदा रेघ मारली. मग बादली उचलली आणि तुळशीला पाणी घालून उरलेलं फनेलमध्ये ओतलं. उन्हाळा लागलाय, अर्थिंग कोरडं पडू द्यायचं नाही असं वायरमननं सांगितलंय.